पहिलीच्या वर्गातला आठवडा: मैत्रिणीला पत्र

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

जूनपासून पहिलीचा वर्ग तुझ्याकडे येतोय हे वाचून फार बरं वाटलं. आठवड्याला नेमकं किती आणि काय शिकवायचं, असं तू विचारलंस. पुस्तकाची पानं मोजू नकोस. भाषेत चार अक्षरं आणि एक स्वरचिन्ह, गणितात एकच नवी गोष्ट, आणि शुक्रवारी एकेका मुलाची तपासणी. एवढं पक्कं झालं की आठवडा सत्कारणी लागला. निपुण भारत या वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का करण्याच्या सरकारी अभियानात पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात असं लक्ष्य आहे. पाठ झालेलं पान घडाघडा म्हणून दाखवणारं मूल त्यात बसत नाही. म्हणून तयारी पहिल्या अक्षरापासूनच नव्या शब्दांची हवी.

सुरुवातीला विद्याप्रवेशचे, म्हणजे शाळेची तयारी करून घेणाऱ्या कार्यक्रमाचे, खेळ असतात. ते 'नुसता खेळ' म्हणून गाळायचा मोह होतो, पण गाळू नकोस. 'नाक'मध्ये आधी काय ऐकू येतं, 'कान'मध्ये काय, हे कानाला उमगलं नाही तर पुढे फळ्यावरचं अक्षर मुलासाठी नुसतं चित्र राहतं.

आता अक्षरांचा क्रम. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर असू दे, पण क, ख, ग, घ, ङ अशा ओळीने शिकवू नकोस. त्या ओळीतून शब्दच होत नाहीत. क, म, ल, न घे. सोमवारी दोन, मंगळवारी दोन. मंगळवारीच मन, कलम, मलम, नमन, नकल हे शब्द वाचून होतात. बुधवारी काना दे, की नाक, कान, मान, लाल, काल, काम, मका, मला, मामा, काका, कमान अशी रांग लागते. गुरुवारी वाक्य: 'मामा, मला मका.' 'काकाला काम.' चौथ्या दिवशी मूल वाक्य वाचतं आणि ते घरी जाऊन सांगतं. पुढच्या आठवड्यात नवी चार अक्षरं घेताना ही जुनी शब्दांत येतच राहिली पाहिजेत.

जुन्या शाळांतून ग, म, भ, न असा गट घ्यायचे. वळणाच्या दृष्टीने तो सोयीचा, कारण चारही अक्षरांना उजवीकडे उभी रेघ आहे. मला मात्र म आणि भ एकाच आठवड्यात नकोत. दिसायला सारखी अक्षरं दूर ठेवायची: म-भ, घ-ध, ब-व, प-ष, ट-ठ-ढ. पहिलं पक्कं झाल्यावर निदान तीन-चार आठवड्यांनी दुसरं आण, मग दोन्ही शेजारी लिहून फरक मुलांनाच शोधू दे.

लिहिण्यातली एक गोष्ट जवळून बघ. मुलं आधी लांबलचक शिरोरेषा ओढतात आणि तिला अक्षरं लटकवतात. त्यात भ वरून बंद झाला की म होतो आणि ध बंद झाला की घ. मग 'धन'चं 'घन' होतं, आणि आपण त्याला शुद्धलेखनाची चूक समजतो. अक्षर आधी, शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर, आणि भ, ध, थ आले की रेघ तिथे तुटते हे बोटाने दाखव. पहिले काही आठवडे वही काढूच नकोस. जमिनीवर खडूने वीतभर मोठं अक्षर, मग पाटी, मग दुरेघी वही. खडूचे बोटाच्या एका पेराएवढे तुकडे कर. लांब खडू मुलं मुठीत धरतात, तुकडा आपोआप तीन बोटांत येतो. डावखुऱ्या मुलाला ओळीच्या डाव्या टोकाला बसव, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही. हात बदलायला लावू नकोस.

वाचताना दोन ठिकाणी गाडं अडतं. एक म्हणजे 'कला काना का, मला काना मा' असं म्हणत वाचणं. बाराखडी पाठ करायला ते ठीक, पण वाचताना मूल त्या घोकणीत शब्दच विसरतं. तक्त्यावर क दाखव, त्याला काना चिकटव, आणि थेट 'का' म्हणायला लाव. दुसरं म्हणजे 'कलम' हा शब्द मूल 'क… ल… म…' असा प्रत्येक अक्षरात पूर्ण अ घालून वाचतं आणि आपण काय वाचलं ते त्याला कळत नाही. बोलताना आपण शेवटचा अ गिळतो. तेव्हा एकदा सावकाश, मग दोनदा भरभर म्हणायला सांग. तिसऱ्या वेळी चेहऱ्यावर दिसतं की शब्द ओळखीचा निघाला.

काना झाला की दुसरी वेलांटी घे, पहिली नंतर. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर, त्यामुळे मुलं 'दिवा'ची वेलांटी द च्या पुढे नेऊन ठेवतात किंवा ती कुठल्या अक्षराची हेच त्यांना उमगत नाही. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार बहुधा दीर्घच असतात. मी, ती, काकी, मामी, पाणी या रोजच्या शब्दांना दुसरीच लागते. मग मात्रा, उकार, अनुस्वार. जोडाक्षरांची घाई नको.

चित्रांच्या तक्त्याबद्दल एक सांगते. नळाचं चित्र दाखवून न शिकवायला गेलं तर अर्धा वर्ग 'पाणी' म्हणतो. तुझ्याकडची काही मुलं घरी वारली बोलतात म्हणालीस, तिथे तर चित्रातल्या वस्तूचं घरचं नाव दुसऱ्याच अक्षराने सुरू होणारं असू शकतं. आधी 'तुम्ही याला काय म्हणता?' असं विचार, त्यांचा शब्द वर्गात म्हणू दे, मग मराठी शब्द दे. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. ते शेवटून शिकवायचे: बाण, बाळ, फळ. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत: चाक आणि चार, जाळं आणि जीभ, झाड आणि झेंडा. आधी चाक-जाळं-झाड या उच्चाराचे शब्द घे, आणि दुसरा उच्चार सवडीने.

गणिताचा तास खिचडीच्या आधी ठेव. जेवणानंतर पहिलीच्या डोळ्यांवर झापड येते. तेव्हा गाणी, चित्रं, मातीकाम बरं. गणितात २० च्या पुढे गेलं की खरी अडचण संख्यानामांची असते, आणि ती मुलांच्या डोक्याची नाही, आपल्या भाषेची आहे. चौतीस म्हणताना चार आधी ऐकू येतात, म्हणून मूल ४३ लिहितं. त्रेसष्टचं ३६ होतं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ किंवा ३१. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? मला स्वतःला ती पायरी म्हणून मोलाची वाटते. आधी हातात समज यावी, मग नाव यावं.

प्रत्यक्षात असं कर. प्रत्येक जोडीला ५० काड्या आणि रबरबँड दे. दहा मोजून गठ्ठा मुलांनीच बांधायचा. तयार गठ्ठे दिलेस तर मुलं गठ्ठ्यालाही 'एक' म्हणतात आणि तीन गठ्ठे, चार सुट्ट्या मिळून सात सांगतात. तीन गठ्ठे म्हणजे तीस, वर चार सुट्ट्या, तीस चार, म्हणजेच चौतीस, असं तिन्ही बोलायला लाव. लिहिताना पुष्कळ मुलं ३०४ लिहितात. ती ऐकलेलंच लिहितात, तीस आणि चार. अशा वेळी ३० च्या कार्डावर ४ चं कार्ड शून्य झाकेल असं ठेवून दाखव. एकोणतीस-एकोणचाळीससाठी शंभर मण्यांची माळ काढ, दहा लाल, दहा पांढरे अशी. तिसाव्या मण्यावर बोट ठेवून एक मागे आणायचं. एका आठवड्यात एकच दशक घे. विशीत आणि तिशीत जे घट्ट झालं ते चाळिशीपासून मुलं स्वतःच लावू लागतात.

शुक्रवारची तपासणी अशी. एका कोपऱ्यात बसून एकेका मुलाला आठ शब्द वाचायला दे: चार शब्द त्याच आठवड्यात आलेले, चार त्याच अक्षरांचे पण नवे. एका मुलाला एक-दीड मिनिट पुरतं. तोवर बाकीच्यांना पाटीवर पाच शब्दांचं चित्र-लेखन दे. जुने चार वाचले आणि नवे अडले तर मुलाने तक्ता पाठ केलाय, अक्षर ओळखलेलं नाही. नवेही सावकाश का होईना वाचले तर पुढे जा. वर्गातली एक तृतीयांश मुलं नव्या शब्दांवर अडली तर पुढचा सोमवार नव्या अक्षरांचा धरू नकोस, तीच चार अक्षरं नव्या शब्दांतून फिरव. दोन-तीनच मागे असतील तर त्यांना रोज परिपाठानंतर दहा मिनिटं वेगळी बसव. महिनाभर थांबून 'मागे पडलेली मुलं' अशी यादी करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं. वहीत मुलाच्या नावापुढे गुण नको, अडलेलं अक्षर लिही.

शनिवारी नवं काही नाही. गोष्ट मोठ्याने वाच, आणि त्या आठवड्याची अक्षरं आली की मुलांना टाळी वाजवायला सांग.

काड्या, रबरबँड, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूची अक्षरकार्डं आणि मण्यांची माळ मे महिन्यातच तयार ठेव. शाळा भरल्यावर त्याला वेळ मिळत नाही. जुलै संपताना तुझ्या शुक्रवारच्या नोंदी मला पाठव. कुठलं अक्षर किती मुलांना अडलंय ते पाहून ऑगस्टचे अक्षरगट आपण दोघी मिळून लावू.

तुझी,
वासंती