मांद्रेची वाळू आणि आपला बांध

येळ्ळूर,
9 फेब्रुवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली असं दादाने काल सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. फोनकडे इतक्यात बघायचं नाही ना, म्हणून हे कागदावर लिहिते. बाबा, तिला वाचून दाखवा.

घरी सगळं ठीक आहे. मसूर चांगली भरलीय, आठवड्याभरात उपटायला येईल. शनिवारी पहाटे मी मैत्रिणींबरोबर गोव्यात मांद्रेला जाऊन आले. जांबोटी झाली, कणकुंबीला चहा घेतला. मलप्रभा इथून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि आपल्याच खानापूरच्या डोंगरातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडे, हे तुम्ही दर वेळी सांगायचात. या वेळी मी सगळ्यांना सांगितलं. चोर्ला उतरून साखळी, म्हापसा, मग शिवोलीचा पूल आणि मोरजी.

मांद्रे निवांत आहे. किनाऱ्याला समांतर एक खाडी वाहते. तिच्यावरचा बांबूचा पूल ओलांडला की वाळूच्या टेकड्या लागतात आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. आई, तू म्हणशील, "पाण्यात कशाला जायलीस गं?" पण गेले, फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचं, ते सर्फिंग शिकायला. आधी वाळूवर फळी ठेवून पोटावर झोपायचं आणि एका झटक्यात उभं राहायचं, हे वीसेक वेळा करून घेतलं. फळीची दोरी घोट्याला बांधलेली असते, म्हणजे पडलीस तरी फळी लांब जात नाही. लाटा कमरेएवढ्याच होत्या. फुटलेल्या लाटेने मागून ढकललं आणि मी तीन-चार श्वास उभी राहिले. इतका आनंद किती वर्षांत झाला नव्हता.

पण बाबा, तुम्हाला सांगायचं आहे ते टेकड्यांचं. त्यांच्यावर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. शिवाय काटेरी पात्यांचं एक गवत, त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. वाऱ्याबरोबर येणारी वाळू या वेलीत अडकते, साठते, वेल पुन्हा वर येते, आणि अशीच टेकडी चढत जाते. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्याची जी वाळू जाते, तिची भरपाई याच साठ्यातून होते. मोरजीच्या बाजूला कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरेक. घरट्याभोवती जाळी लावून राखण करतात. एके ठिकाणी मात्र कुणीतरी खुर्च्या मांडायला टेकडी सपाट केली होती. वेल उपटलेली, वाळू मोकळी, आणि वाऱ्याने ती उडून मागच्या रस्त्यावर आली होती. तिथे मी बराच वेळ उभी राहिले.

गेल्या सुगीत आपलं भांडण झालं होतं, आठवतं? खालच्या शेताचा बांध अर्धा कापला तर भाताच्या दोन ओळी जास्त बसतील, असं मी म्हणाले होते, आणि तुम्ही दिवसभर बोलला नाहीत. त्या बांधावरचं गवत तुम्ही मुळासकट कधी काढू दिलं नाही, फक्त वरून कापायचात. मला तो हट्ट वाटायचा. ते गवत माती धरून बसतं म्हणून श्रावणात वरच्या शेतातलं पाणी आपली खाचरं फोडत नाही, हे मला त्या उघड्या वाळूपाशी कळलं. मी चुकले होते, बाबा. ट्रॅक्टरवाला काल विचारायला आला होता, त्याला नको म्हणून सांगितलं.

आईला बरं वाटलं की आपण तिघं जाऊ. खाडीच्या अलीकडे माडांची सावली आहे, आईला तिथे बसता येईल. बाबांचा गुडघा दुखत असेल तर वाळूत फार आत जायचं नाही, वेल कडेवरूनही दिसते. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या मी करून घेईन. एप्रिलमध्ये ऊन फार होतं, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दादाला विचारून कळवा.

तुमची,
सुमी