'टेक' म्हणजे नुसते 'घेणे' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी शिकवणाऱ्या सदरांत एक साचा रूढ झाला आहे. आधी इंग्रजी क्रियापद, समोर त्याचा एक मराठी अर्थ आणि खाली दहा-पंधरा 'फ्रेझल व्हर्ब्ज'ची, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांची, यादी. 'टेबल', 'खुर्ची' या शब्दांना हा साचा पुरतो. 'टेक'सारख्या क्रियापदाला तो पुरत नाही. 'टेक = घेणे' हे एकदा पाठ झाले की पुढच्या कितीतरी चुका त्यातूनच उगवतात.

'टेक'चा अर्थ बहुतेक वेळा शेजारच्या नामावर ठरतो. 'टेक अ सीट' म्हणजे बसणे, 'टेक द बस' म्हणजे बसने जाणे, 'टेक द चिल्ड्रन होम' म्हणजे मुलांना घरी नेणे, 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणे. यात मराठी माणसाला बुजण्यासारखे काही नाही, कारण आपले 'काढणे' असेच वागते. आपण चित्र काढतो, कर्ज काढतो, समजूत काढतो, खोडी काढतो, आठवण काढतो आणि वाईट दिवसही काढतो. या सगळ्यांना एकच अर्थ लावायचा कोणी प्रयत्न करत नाही. लहान मूल 'काढणे' वेगळे शिकत नाही, 'समजूत काढणे' अख्खे शिकते. 'टेक' तसेच शिकवायला हवे.

या दोन क्रियापदांची गाठ किती ठिकाणी पडते तेही पाहण्यासारखे आहे. फोटो, टिपणे, दात, कर्ज, अंगातले कपडे या सगळ्यांना मराठीत 'काढणे' आणि इंग्रजीत 'टेक', कधी एकटे तर कधी 'आउट' किंवा 'ऑफ' जोडून. एकाचा राग दुसऱ्यावर काढणे म्हणजे 'टेक इट आउट ऑन समवन'. पळ काढणे म्हणजे 'टेक टू वन्स हील्स'. शिक्षकाने हे धागे दाखवले तर यादी पाठ करण्याचा अर्धा भार हलका होतो.

जिथे गाठ पडत नाही तिथे जास्त वेळ द्यायला हवा. परीक्षेचेच पाहा. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी ती देतो. इंग्रजीत विद्यार्थीच 'टेक्स ॲन एक्झाम'. 'आय गेव्ह माय एक्झाम' हे मराठीचे सरळ भाषांतर आहे. आपल्याकडे ते सर्रास चालते, पण बाहेरच्या ऐकणाऱ्याला बोलणारा परीक्षक वाटू शकतो. उलट 'टेन्शन घेऊ नकोस'चे 'डोन्ट टेक टेन्शन' होते. तिथे 'डोन्ट वरी' एवढेच पुरे असते.

दुसरी अडचण 'लागणे'ची. 'मला दोन तास लागले' या वाक्यात वेळ महत्त्वाचा आणि 'मी' चतुर्थीत. इंग्रजीची रचना अशी: आधी 'इट', मग 'टेक'चे रूप, मग माणूस, मग वेळ आणि शेवटी 'टू' लावून क्रियापद. 'इट टुक मी टू अवर्स टू फिनिश द वर्क.' विद्यार्थी दोन ठिकाणी घसरतात. 'मला' आधी येते म्हणून ते 'मी टुक' (me took) लिहितात, किंवा शेवटी 'टू फिनिश'ऐवजी 'फॉर फिनिशिंग' घालतात. शिवाय 'लागणे' दिसले की 'टेक' असेही नाही. वेळ लागला तर 'टेक', पैसे लागले तर 'कॉस्ट', आग लागली तर 'कॅच फायर' आणि भूक लागली तर 'बी हंग्री'. हे चार एकाच दिवशी, एकाच फळ्यावर यावेत.

आता 'फ्रेझल व्हर्ब्ज'कडे. इथे अर्थापेक्षा शब्दांच्या जागेवर जास्त चुका होतात, आणि सदरांत नेमके तेच वगळलेले असते. 'टेक ऑफ' घ्या. 'शी टुक ऑफ हर शूज' आणि 'शी टुक हर शूज ऑफ' दोन्ही बरोबर. पण 'शूज'च्या जागी सर्वनाम आले की ते मधेच बसते: 'शी टुक देम ऑफ'. 'टुक ऑफ देम' चूक. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटी गेलेले बरे, नाहीतर 'ऑफ' येईपर्यंत वाचणारा 'टुक' विसरतो. 'द प्लेन टुक ऑफ' यात कर्मच नाही, म्हणून त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. 'द प्लेन वॉज टेकन ऑफ' असे विमानाच्या उड्डाणाबद्दल लिहिता येत नाही. 'ही टुक मंडे ऑफ' म्हणजे त्याने सोमवारी रजा घेतली, आणि इथे वार सहसा मधे येतो. एकच जोडी, तीन अर्थ आणि तीन रचना. यादीत मात्र 'काढणे, उड्डाण करणे, रजा घेणे' एवढेच स्वल्पविराम देऊन छापले जाते.

'टेक आफ्टर' कधीच तुटत नाही. 'शी टेक्स आफ्टर हर मदर', म्हणजे मुलगी आईच्या वळणावर गेली. सर्वनामही शेवटीच: 'टेक्स आफ्टर हर'. तुलना नेहमी नात्यातल्या मोठ्या माणसाशी होते, त्यामुळे आई मुलीच्या वळणावर गेली असे या शब्दांत म्हणता येत नाही. 'टेक टू'मधला 'टू' हे शब्दयोगी अव्यय आहे. म्हणून एखादी सवय लागली हे सांगताना 'टुक टू वॉकिंग' म्हणायचे, 'टुक टू वॉक' नव्हे.

काही अर्थ तर मराठीतून आपोआप उलगडतात. बोललेले मागे घेणे म्हणजे 'टेक बॅक'. सांगितलेले उतरवून घेणे म्हणजे 'टेक डाउन', त्यात 'उतरणे'सुद्धा जसेच्या तसे आहे. सैल कपडा आत घेणे म्हणजे 'टेक इन'. त्याची लांबी कमी करायची असेल तर 'टेक अप'. पण 'ही वॉज टेकन इन' याचा अर्थ तो फसला असाही होतो आणि त्याला आसरा मिळाला असाही, तेव्हा पुढचे वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नये.

'टेक प्लेस' विसरून चालणार नाही. 'द मीटिंग वॉज टेकन प्लेस' ही चूक भल्याभल्यांच्या लेखनात सापडते. सभा स्वतःच 'टुक प्लेस'. तिला करणारा नसतो, म्हणून कर्मणीही नसते. सभा कोणी घेतली हे सांगायचे असेल तर 'हेल्ड' वापरावे.

'टेक' मुळात इंग्रजीचे नाही. उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतले 'ताका' इंग्रजीत स्थिरावले आणि त्याने 'घेणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी 'नीमन'ला हळूहळू हुसकावले. जर्मनमधले 'नेमेन' हे त्या 'नीमन'चेच भावंड. 'नीमन'ची एक खूण 'नम' या इंग्रजी विशेषणात उरली आहे, म्हणजे बधिर, ज्याची जाणीव हिरावून घेतली गेली आहे असा. 'ताका'चा मूळ अर्थ हाताने पकडणे. हातात धरलेली वस्तू आपल्याकडे ठेवली तर घेणे होते, सोबत घेऊन निघालो तर नेणे होते. 'टेक'ला हे दोन्ही अर्थ का आहेत, याचे उत्तर इथे मिळते.

या चुका उलट्या दिशेनेही येतात. 'पान उघडण्यास काही वेळ घेईल' असे मराठी आता पडद्यावर रोज दिसते आणि तिथून बातम्यांतही उतरू लागले आहे. पानाला वेळ लागतो. मुद्रितशोधकांनी हे 'घेईल' दिसेल तिथे खोडावे.

सदर लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच की, प्रत्येक अर्थासोबत एक पूर्ण वाक्य द्यावे, तेच वाक्य सर्वनाम घालून पुन्हा द्यावे आणि कर्मणी प्रयोग होतो की नाही ते लिहावे. जागा कमी पडली तर पंधराऐवजी तीनच जोड्या छापाव्यात. विद्यार्थ्यांसाठीच्या काही शब्दकोशांत कर्म हलवता येते तिथे दोन्हीकडे टोक असलेला बाण छापतात. तेवढी खूण सदरातही सहज मावेल.

आपला विश्वासू,
इंग्रजीचा एक शिक्षक