फीडमध्ये कुठला ग्रुप किती दिसावा हे आम्हाला ठरवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोशल मीडियावर नको ते दिसतं अशी पत्रं बरीच येतात. माझं म्हणणं थोडं वेगळंय. माझ्या फीडमध्ये जे ग्रुप दिसतात ते सगळे मीच जॉइन केलेत, त्यातला एकही मला सोडायचा नाहीये, फक्त कुठला किती दिसावा हे माझ्या हातात नाही.

माझ्या मुलीला कमी ऐकू येतं. अशा मुलांच्या पालकांचा एक छोटासा ग्रुप आहे, आठवड्याला जेमतेम दोन-तीन पोस्ट. आणि एक सिनेमाचा ग्रुप आहे, प्रचंड मोठा, तिथे दिवसभर पोस्टींचा पाऊस. मागच्या महिन्यात पालकांच्या ग्रुपवर एका आईने विचारलं की लेकाचं कानाचं मशीन सारखं शिट्टी मारतंय, काय करू. मला उत्तर माहीत होतं, कारण आम्ही त्यातून गेलोय, मूल वाढतं तसा कान वाढतो, मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, सैल होतो आणि आवाज बाहेर निसटून शिट्टी वाजते, नवीन मोल्ड करून घेतला की थांबतं. पण ती पोस्ट मला दिसली नऊ दिवसांनी, तोपर्यंत त्या बाईंनी कंटाळून मुलाला मशीन घालणंच बंद केलं होतं. फार वाईट वाटलं मला.

लाइक-कमेंट जास्त ती पोस्ट वर, असा साधारण हिशोब असतो, मग पाच माणसांनी वाचलेली पोस्ट वर येणार कशी? बरं तारखेप्रमाणे लावलं तरी तेच. फेसबुकने २०२२ मध्ये ग्रुपच्या पोस्ट क्रमाने दाखवणारा वेगळा टॅब दिला, पण तिथेही जो ग्रुप दिवसाला शंभर पोस्ट टाकतो तोच दिसत राहतो. फेसबुकवर ग्रुप स्नूझ केला, म्हणजे काही काळ थांबवला, तर तो ३० दिवस पूर्ण गायब, रेडिट नावाच्या साइटवर म्यूट केला तर आपण परत चालू करेपर्यंत गायब. 'कमी दाखवा' बटणाचा परिणाम तात्पुरता. नोटिफिकेशन चालू ठेव असं सगळे सांगतात, तेही केलं, पण कामात असताना फोन वाजत राहतो आणि शेवटी आपणच तो बंद करतो.

युरोपातल्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सवयींवर न चालणारा एक तरी फीडचा पर्याय द्यावा लागतो, चांगलंच आहे, पण त्यातही ग्रुपनुसार कमी-जास्त करता येईलच असं नाही. उलट लेमी नावाच्या छोट्या, लोकांनीच चालवलेल्या नेटवर्कवर २०२३ पासून 'स्केल्ड' नावाची मांडणी आहे, त्यात कमी वर्दळीच्या कम्युनिटीला जरा वर ढकलतात. म्हणजे हे करता येतं! मग मोठ्या कंपन्यांना काय अडचण आहे? प्रत्येक ग्रुपच्या नावापुढे एक साधी सेटिंग हवी, ह्याच्या दिवसाला पाचच पोस्ट दाखव, ह्याची एकही चुकवू नको, एवढंच. आणि ती आपण बदलेपर्यंत तशीच राहायला हवी, आठवड्याभराने आपोआप पुसली जाता कामा नये.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर हा विषय घ्याच अशी कळकळीची विनंती. आजारपणाचे, अपंगत्वाचे असे छोटे ग्रुप कितीतरी आहेत आणि तिथे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर त्याच दिवशी हवं असतं. मी आता रोज सकाळी फीड न बघता आधी आमच्या ग्रुपचं नाव टाइप करून आत जाते.

आपली,
एक वाचक