अणुरचना शिकवणाऱ्या संचातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : प्राथमिक रसायनशास्त्रासाठीच्या अणुरचना संचातील गंभीर चुका दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा अणुरचना संच मी मागील महिन्यात खरेदी केला. रसायनशास्त्राचे पहिले धडे गिरवणाऱ्या मुलांना मी शिकवते. अणू डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन या गोष्टी मुलांना हाताळता याव्यात, एवढाच माझा हेतू होता. संचात प्रोटॉनसाठी लाल, न्यूट्रॉनसाठी करडे आणि इलेक्ट्रॉनसाठी निळे मणी आहेत, मध्ये केंद्रकाची वाटी आणि भोवती कवचांची वर्तुळे असलेली पाटी आहे, पहिल्या २० मूलद्रव्यांची कार्डे आहेत आणि एक माहितीपुस्तिका आहे. मणी सुबक आहेत, खाचांत नीट बसतात आणि हायड्रोजनपासून निऑनपर्यंतची दहाही कार्डे बिनचूक आहेत, हे मी आधीच नमूद करते. माझी तक्रार त्यापुढील कार्डांविषयी आणि पुस्तिकेविषयी आहे.

क्लोरिनच्या कार्डावर प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १७ आणि न्यूट्रॉन १८.५ असे छापलेले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने वाटीत १७ लाल मणी ठेवले, १८ करडे मणी मोजून घातले आणि एकोणिसावा मणी चिमटीत धरून मला विचारले, "बाई, हा अर्धा कसा करायचा?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. न्यूट्रॉन अर्धा असत नाही, म्हणून कोणत्याही अणूतील न्यूट्रॉनची संख्या पूर्णांकातच येते. कार्ड तयार करणाऱ्याने क्लोरिनचे सरासरी अणुवस्तुमान ३५.५ घेऊन त्यातून अणुअंक (प्रोटॉनची संख्या) १७ वजा केलेला दिसतो. निसर्गातील क्लोरिनच्या दर १०० अणूंपैकी सुमारे ७६ अणूंमध्ये १८ न्यूट्रॉन असतात आणि उरलेल्या सुमारे २४ अणूंमध्ये २० न्यूट्रॉन असतात. ३५.५ ही या दोन समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेल्या अणूंच्या, वस्तुमानांची सरासरी आहे आणि एवढ्या वस्तुमानाचा क्लोरिनचा एकही अणू कुठे सापडणार नाही. समस्थानिके म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी क्लोरिनइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळते. कार्डावर ३५ आणि ३७ असे दोन अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या) दिले असते, तर मुलांनी दोन्ही अणू मांडून त्यांतील फरक स्वतः मोजला असता.

पोटॅशिअम आणि कॅल्शिअमच्या कार्डांतील चूक याहून खोलवरची आहे, कारण ती पाटीच्या रचनेतच आहे. पाटीवर तीनच वर्तुळे आहेत, त्यामुळे पोटॅशिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण (आतून बाहेर प्रत्येक कवचातील इलेक्ट्रॉनची संख्या) २, ८, ९ आणि कॅल्शिअमचे २, ८, १० असे छापण्यात आले आहे. तिसऱ्या कवचाची कमाल धारकता १८ असल्याचे पुस्तिकेत दिले आहे आणि ते बरोबरही आहे. परंतु अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात आठपेक्षा अधिक इलेक्ट्रॉन राहत नाहीत, हा त्यासोबतचा नियम पुस्तिकेत कुठेच नाही. पोटॅशिअमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनला चौथ्या कवचात जाणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे असते, म्हणून त्याचे संरूपण २, ८, ८, १ आणि कॅल्शिअमचे २, ८, ८, २ असे होते. हा तपशील क्षुल्लक मानता येणार नाही. लिथिअम २, १, सोडिअम २, ८, १ आणि पोटॅशिअम २, ८, ८, १ अशी मांडणी शेजारी शेजारी ठेवली, की तिघांच्याही बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे हे मुलांना आपोआप दिसते आणि हे तिन्ही धातू सारखे का वागतात, तिघांचीही संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) १ का, याचा उलगडा होतो. आपल्या पाटीवर नेमका हाच उलगडा होऊ शकत नाही.

मण्यांची संख्याही कमी पडते. संचात २० करडे मणी आहेत आणि बहुधा विसावे मूलद्रव्य कॅल्शिअम डोळ्यांसमोर ठेवून ती संख्या ठरवली गेली असावी. मात्र अठराव्या अरगॉनच्या कार्डावर अणुवस्तुमानांक ४० आहे, म्हणजे त्याला २२ न्यूट्रॉन लागतात. शेवटी दोन वाटाणे ठेवून आम्ही तो अणू पूर्ण केला.

सर्वांत गंभीर चूक पुस्तिकेच्या आयनांवरील, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंवरील, पानावर आहे. तेथे "सोडिअमच्या अणूने एक प्रोटॉन मिळवला की त्याचा धनप्रभारित आयन बनतो" असे विधान आहे. मुलांनी त्यानुसार वाटीत बारावा लाल मणी टाकला; पण ज्या अणूच्या केंद्रकात १२ प्रोटॉन असतात, तो मॅग्नेशिअमचा असतो. मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येवर ठरते आणि रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला धक्काही लागत नाही. सोडिअमचा अणू बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गमावतो, ११ प्रोटॉनांसमोर १० इलेक्ट्रॉन उरतात आणि म्हणून त्यावर एक धनप्रभार येतो. प्रभारांची ही वजाबाकी करून पाहण्यासाठीच मी मणी आणले होते. याच पुस्तिकेत रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन शोधल्याचेही म्हटले आहे. त्या वर्षी त्यांनी मांडली ती केंद्रकाची संकल्पना. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला.

या चुका मी आपल्या ग्राहक सेवा विभागाला ईमेलने कळवल्या होत्या. "मुलांसाठी विषय सोपा करताना काही बारकावे गाळावे लागतात" असे उत्तर मला मिळाले. या उत्तराने माझे समाधान झालेले नाही. सोपे करण्याला माझा मुळीच विरोध नाही. इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात अशा आखीव वर्तुळांवर फिरत नाहीत, तरीही वर्तुळे काढूनच मी शिकवते. केंद्रक एक सेंटिमीटरच्या मण्याएवढे धरले, तर अणूचा व्यास किमान शंभर मीटर भरेल आणि ते प्रमाण कोणत्याही पाटीवर दाखवता येणार नाही, हेही मला मान्य आहे; "हे चित्र प्रमाणात नाही" एवढे एक वाक्य पुस्तिकेत असते तरी पुरे होते. परंतु अर्धा न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन मिळवणारा आयन हे गाळलेले बारकावे नाहीत, ती चुकीची माहिती आहे. सुरुवातीलाच जे चुकीचे डोक्यात बसते, ते पुढे पुसून काढायला दुप्पट कष्ट पडतात आणि ते कष्ट मुलांनाच करावे लागतात.

तरी क्लोरिन, पोटॅशिअम आणि कॅल्शिअमची दुरुस्त कार्डे, चार वर्तुळांची पाटी, दोन जादा करडे मणी आणि सुधारित पुस्तिका मला १५ दिवसांच्या आत विनामूल्य पाठवावी. ते शक्य नसल्यास संच परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. त्याचबरोबर हा संच ज्यांनी आधीच घेतला आहे, त्या सर्वांना शुद्धिपत्र पाठवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याची विक्री थांबवावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. नवी कार्डे छपाईला जाण्यापूर्वी रसायनशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्यावीत. आपली इच्छा असल्यास मी स्वतः ती कोणताही मोबदला न घेता तपासून देईन.

खरेदीची पावती, चुका असलेल्या कार्डांची व पुस्तिकेतील दोन पानांची छायाचित्रे आणि आपल्या विभागाच्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक व शिक्षिका