डॉक्टरसाहेब, खांदा न उघडता तुम्ही हाड बांधलंत

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि मी केळीच्या घडासकट पडलो. उजवा हात नुसता लोंबत होता. बागेतले सगळे म्हणाले, खांदा निखळलाय, हाडवैद्य एका झटक्यात बसवेल. मुलानं कुणाचं ऐकलं नाही. रावेरहून भुसावळमार्गे थेट जळगावला, तुमच्याकडे आणलं.

तुम्ही हाताला ओढ दिली नाहीत. आधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवून विचारलंत, "कळतंय का, दादा?" कळत होतं. नस शाबूत आहे ना, ते तुम्ही बघत होतात. मग एक्स-रे काढला. हाड मोडलेलं असताना तसंच ओढलं तर तुकडा आणखी सरकू शकतो, हे ऐकून मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मला आजही त्या 'एका झटक्या'च्या आठवणीनं काटा येतो.

भूल देऊन खांदा बसवलात, पण दंडाच्या टोकाचा तुटलेला तुकडा जागेवर आला नाही. सीटी स्कॅनमध्ये तो 7 मिलिमीटर सरकलेला दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढं अंतर! पण हात फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा त्याच तुकड्याला धरून असतात, तो वर राहिला तर हात उचलताना अडणार, हे तुम्ही स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून समजावलंत.

ऑपरेशन दुर्बिणीतून केलंत. नखाएवढी 4 छिद्रं, बस. आत हाडात बारीक अँकर, म्हणजे दोरे ओवलेल्या खुंट्या, बसवून त्यांच्या दोऱ्यांनी तुकडा आवळलात. नंतर तुम्ही व्हिडिओ दाखवलात, तेव्हा मला आमची बागच आठवली. वादळात केळी आडवी होऊ नये म्हणून आम्हीही ती अशीच दोरीनं बांधतो.

6 आठवडे हात झोळीत होता. पंधराव्या दिवशी मी पाण्याची बादली उचलली, म्हणून तुम्ही रागावलात. बरं केलंत. हाडाला जुळायला वेळ लागतो, हे तुम्ही दर खेपेला न कंटाळता सांगितलंत. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंचेही मनापासून आभार. वाकून हात लंबकासारखा हलवताना आधी डोळ्यांत पाणी यायचं.

परवा पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल टाकली. दोन्ही हातांनी. बायको दारातून बघत होती, आरतीचं ताट तसंच हातात.

हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की भरीत खायला घरी या. कळण्याची भाकरी असेल.

तुमचा,
रावेर तालुक्यातला एक केळी उत्पादक