फोटोतला तो माणूस वैमानिक नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात वैमानिकांच्या ओळखपत्रावर तो लांबलचक लेख आलाय, सकाळी चहाबरोबर वाचायला घेतला आणि चहा गार झाला. रात्रभर डोक्यात राहिला म्हणून आज लिहायला बसलोय. दहशतवादी हल्ले थांबवायचे तर आधी वैमानिकाची ओळख पक्की करा, कार्डावर फोटो घाला, चिप घाला, ठसे घ्या आणि मग तेच सगळं सीमेवर आणि किनाऱ्यावर लावा, असं एकूण म्हणणं. ठीक आहे, ज्याचं त्याचं मत. पण लेखाच्या मधोमध तुम्ही मोठ्ठा रंगीत फोटो छापलाय आणि खाली लिहिलंय 'उड्डाणापूर्वी सज्ज वैमानिक'. अहो, तो वैमानिक नाही! पिवळं जॅकेट, कानाला हेडसेट, विमानाच्या पुढच्या चाकापाशी उभा, हेडसेटची वायर वर विमानात खुपसलेली. तो ग्राउंड इंजिनीअर आहे. मी 34 वर्षं त्याच जागी उभा राहून रिटायर झालो म्हणून खात्रीने सांगतो. वैमानिक त्या वेळेला वर काचेआड बसलेला असतो आणि तुमच्याच फोटोत नीट बघितलं तर त्याची पांढरी बाही दिसतेय. आख्खा लेख माणूस ओळखण्यावर आणि फोटोतला माणूस भलताच, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

तर आता कार्डाचं. लेखकांनी अमेरिकेचं उदाहरण दिलंय म्हणून मीही तिथूनच सुरू करतो. 11 सप्टेंबर 2001 ला जे 19 जण विमानात चढले ते काही वैमानिकाचा वेश करून कॉकपिटमधे घुसले नव्हते हो, ते तिकीट काढून पॅसेंजर म्हणून बसले होते, तेही बहुतेक खऱ्या नावाने, आणि व्हिसा घेऊन देशात आलेले. त्यातल्या हानी हंजूरकडे तर अमेरिकन सरकारनेच दिलेलं कमर्शियल पायलटचं लायसन्स होतं. त्यातलेच मोहम्मद अत्ता आणि अल-शेही फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी विमान चालवायला शिकले, आणि त्या दोघांचा स्टुडंट व्हिसा मंजूर झाल्याची पत्रं त्या फ्लाईंग स्कूलच्या पत्त्यावर पोचली मार्च 2002 मधे, म्हणजे दोघं मरून आणि हजारो लोकांना मारून सहा महिने झाल्यावर! नाव लपवायची गरज बहुतेकांना पडलीच नाही. नाव खरं, व्हिसा सरकारनेच दिलेला.

मग अमेरिकेने काय केलं, तर 2002 च्या ऑक्टोबरपासून पायलटने लायसन्सबरोबर फोटोवालं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवायचं असा नियम आणला. 2004 साली कायदाच केला की लायसन्सवरच फोटो पाहिजे. कागदी लायसन्स जाऊन प्लास्टिकचं आलं, त्यावर फोटो पण आला, फक्त तो राईट बंधूंचा. थट्टा करत नाहीये, खरंच. त्यांच्या संसदेत यावरून बोलणी झाली तरी ते दोघे भाऊ कार्डावरून उतरेनात.

हे वाचून मला माझी मिशी आठवली. सांगतो.

जानेवारी 2002. संसदेवर हल्ला होऊन महिना झाला होता, सगळीकडे हाय अलर्ट. माझे वडील वारले, तेरावं आटोपून मी ड्युटीवर हजर झालो. दहाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही उतरवलेली. पासवरचा फोटो सहा वर्षांपूर्वीचा, त्यात भरघोस केस आणि अशी झुपकेदार मिशी की आमची ही त्याला 'फौजदाराचा फोटो' म्हणायची. पहाटे साडेचारला एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवाराच्या, गेटवर गेलो, तिथे नवीन जवान, वीस-बावीस वर्षांचं पोरगं. पास बघतो, माझ्याकडे बघतो, परत पास बघतो. म्हणाला, "साब, ये आप नहीं हो." मी सांगितलं बाबा, वडील गेले. म्हणाला, "अफसोस है साब, लेकिन फोटो में मूँछ है." नवीन फोटो लावून आणा म्हणे. पास सेक्शन उघडणार सकाळी दहाला आणि सहाची पहिली दिल्ली फ्लाईट बे वर उभी, रात्री टायर बदललेला, त्यावर सही माझी पाहिजे, त्याशिवाय विमान हलणार नाही. शिफ्टचा दुसरा इंजिनीअर आजारी. मी ओरडलो त्या पोरावर, खोटं कशाला बोलू, नको ते बोललो. ते शांतपणे म्हणालं, "आप मेरी जगह होते तो क्या करते?" यावर मला काही बोलता आलं नाही, आणि आजही मला तो नियमाच्या जागी बरोबरच वाटतो.

तर मी गेटबाहेर लोखंडी पाईपवर बसून राहिलो. थंडी, त्यात टक्कल. तेवढ्यात आमच्या फ्लाईटचे कॅप्टन क्रूच्या गाडीतून आले, त्यांनी काच खाली करून सांगितलं हा आमचा इंजिनीअर आहे, तर त्या पोराने कॅप्टनलाच पास मागितला आणि त्यांचा पास नेमका मागच्या डिकीतल्या बॅगेत. आणि मी तिथे बसलेलो असताना एक टेम्पो आला, काचेवर परवान्याचा स्टिकर, आत दोन माणसं आणि ताडपत्रीखाली काय होतं देव जाणे, स्टिकर बघून दांडा वर झाला आणि टेम्पो आत. माझ्या अंगावर काटा आला कारण महिन्यापूर्वीच संसदेत जी पांढरी ॲम्बॅसॅडर शिरली होती तिच्यावर गृहखात्याचा स्टिकर होता! पाचही जण त्या स्टिकरच्या जिवावर आत गेले. हे सगळ्या पेपरांत छापून आलं होतं, तुमच्याही.

शेवटी सुटका कशी झाली तर रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक म्हातारा हवालदार तिथून चालला होता. अकरा वर्षं रोजची रामराम. त्याने माझा पास मागितला नाही, टकलाकडे बघितलं आणि विचारलं, "पिताजी?" मी मान हलवली. त्याने त्या पोराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, रजिस्टरमधे स्वतःची सही केली आणि मला आत सोडलं. फ्लाईट पावणेदोन तास लेट. माझ्याकडून खुलासा मागवला गेला, तो मी दिला, त्यात 'कारण : मिशी' असं लिहिल्याबद्दल दुसरा खुलासा मागवला गेला.

तेव्हा लेखकमहाशय, मी फोटोविरुद्ध नाही. आपल्याकडे 20 फेब्रुवारी 2025 पासून पायलटचं लायसन्स मोबाईलवर आलंय, चीननंतर आपणच म्हणे, चांगलंच आहे. माझी भाची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे, तिचं कार्डासाठी वाट बघणं वाचलं. पण त्याने दहशतवादी अडतो हे कुणी सांगितलं? 2011 साली आपल्याकडे जे पायलट पकडले त्यांचे फोटो खरे होते, नावं खरी होती, लायसन्सही सरकारनेच दिलेलं, खोटी होती ती मार्कशीट. मोबाईलवर आणलं असतं तरी तेच दिसलं असतं. आणि 24 मार्च 2015 ला तो जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचा को-पायलट, कॅप्टन बाथरूमला गेल्यावर आतून दार लॉक केलं आणि विमान डोंगरावर घातलं, 150 माणसं गेली, त्याच्या ओळखीबद्दल कुणाची काही तक्रार होती का? उलट 2001 नंतर हायजॅकर आत येऊ नये म्हणून जे भक्कम दार बसवलं त्यानेच कॅप्टनला बाहेर ठेवलं. बिचारा बाहेरून दार ठोकत राहिला. आयुष्यभर त्या दारांची लॉक तपासून सह्या केल्यात मी, त्या दिवशी टीव्ही बंद करून बसलो होतो.

किनाऱ्याचं तर बोलूच नका, मुंबईकराला हे शिकवायचं? 26/11 चे दहाही जण ओळखपत्रं घेऊन आले होते. कसाबच्या खिशात समीर चौधरी नावाचं हैदराबादच्या कॉलेजचं कार्ड होतं, फोटोसकट. कार्ड नव्हतं म्हणून अडले असते असं नाही आणि होतं म्हणून कुणी बघितलंही नाही. कुलाब्याच्या बधवार पार्कला उतरले तेव्हा त्यांना हटकलं ते तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या माणसांनी, कारण हे आपल्यातले नाहीत एवढं त्यांना बघताच कळलं. उडवाउडवीची उत्तरं मिळाली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याआधी येऊन सगळी रेकी, म्हणजे ठिकाणांची पाहणी, करून गेलेला हेडली? त्याने 2006 साली अमेरिकेत रीतसर नाव बदलून घेतलं आणि खऱ्या पासपोर्टवर, खऱ्या व्हिसावर ताडदेवला ऑफिस थाटलं. 1993 ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं तेव्हा तर खटल्यात कस्टमचे लोक आणि पोलीसच दोषी ठरले, त्यांच्याकडे ओळखपत्रं नव्हती असं म्हणायचंय का? आणि एवढं होऊन कार्ड कुणाच्या गळ्यात पडलं, तर कोळ्यांच्या. ज्यांनी हटकलं त्यांच्याच.

जाता जाता, आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीतही हीच हवा आलीय. चौदा वर्षं काम केलेला वॉचमन काढून एजन्सी नेमली, गेटवर ॲप बसवलं. गेल्या आठवड्यात मोबाईल घरी चार्जिंगला ठेवून भाजी आणायला गेलो, परत आलो तर गेटवर ओटीपी मागितला, तो आला घरातल्या मोबाईलवर आणि ही झोपलेली. मी मेथीची जुडी हातात धरून वीस मिनिटं उभा. माझ्यासमोर डिलिव्हरीवाले सात-आठ जण हेल्मेटसकट आत गेले, त्यांचं म्हणे 'प्री-अप्रूव्ह्ड'. सेक्रेटरींना पत्र दिलंय, उत्तर नाही. म्हटलं पेपरात छापून आलं तर तरी वाचतील.

असो. आपला पेपर आमच्याकडे चाळीस वर्षं येतो म्हणून हक्काने लिहिलं. त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून उद्याच्या अंकात छापा, आणि छोट्या अक्षरात कोपऱ्यात नको. फोटोतल्या त्या इंजिनीअरच्या घरच्यांनी पेपर घेतला असेल कौतुकाने आणि खाली नाव दुसऱ्याच धंद्याचं. मागच्या खेपेला रनवेच्या पाण्याबद्दल पाठवलेलं माझं पत्र तुम्ही कापून चार ओळींचं केलंत, त्यात नेमकं मुद्द्याचं गेलं. या वेळेस जागा कमी असेल तर खुशाल हेडली कापा, जर्मनविंग्ज कापा. मिशी ठेवा.

आपला,
एक निवृत्त विमान इंजिनीअर,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई