ती ट्यूब मी घेऊन आलोय

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर बाबांच्या खाजेचा विषय निघाला की बाबा ‘तुझी आई बोलतेय बघ’ म्हणून फोन पुढे करतात, आणि आई ‘ते बाजूलाच बसलेत’ म्हणून पावसाबद्दल बोलते. म्हणून लिहून पाठवतोय. आई, मोठ्यानं वाचू नकोस. आधी तू वाच, मग चष्म्यासकट बाबांकडे दे.

आधी गुन्हा कबूल करतो. न्हाणीघराच्या कोनाड्यात, दाढीच्या ब्रशमागे, टोकापासून गुंडाळत आणलेली ती ट्यूब हरवलेली नाही. ती माझ्या बॅगेतून बडोद्याहून पुण्याला आली. कामाच्या मावशींना विचारू नका, आईवर ओरडू नका. न विचारता घेतली हे चुकलंच. पण बाबा, विचारलं असतं तर तुम्ही दिली असतीत का?

परवा तुम्ही दार लोटून, तोंड भिंतीकडे करून, पंचा एका हातानं वर धरून मला दाखवलंत, तेव्हापासून डोळ्यांपुढून ते जात नाही. ‘काही नाही रे, पावसाळ्याचं आहे,’ म्हणालात. पावसाळा दर वर्षी चार महिन्यांत संपतो, हे तर दोन वर्षं चाललंय. जांघेपासून मांडीपर्यंत काळपट डाग, कडेला लालसर उंचवटा, आणि आत त्या गुलाबी-पांढुरक्या रेघा. त्या रेघा बघून मी गप्प बसलो. ते आजाराचं नव्हे, ट्यूबचं काम आहे.

इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. त्यात बुरशीचं औषध आहे, जंतूंचं आहे, आणि सोबत क्लोबेटासोल. लावायच्या स्टिरॉइडमधलं हे अगदी कडक. त्यानं खाज तीन दिवसांत बसते, कारण अंग त्या बुरशीशी भांडायचंच थांबतं. घरात चोर शिरलाय आणि आपण कुत्र्याचं तोंड बांधतोय, असा प्रकार. बुरशी आत निवांत पसरते, कातडी पातळ होते, नायट्याची ती ओळखीची गोल कडही मोडते आणि मग बघणाऱ्यालाही पटकन कळत नाही. २०१८ साली सरकारनं अशी चौदा स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. तरी कोपऱ्यावरचा दुकानदार ‘काका, धाधर छे, आ लगावो’ (नायटा आहे, हे लावा) म्हणून देतोच. त्याचा राग नाही. तुम्ही त्याला सांगितलंत आणि आम्हाला नाही, याचा थोडा आहे.

पण हे नायटाच आहे असं मी पत्रात ठरवून टाकणार नाही, तुम्हीही ठरवू नका. जांघेत काळं पडायची कारणं बरीच. नायटा खाजतो, त्याची कड उठलेली आणि खवल्यांची असते. दुसरं एक इरिथ्रॅस्मा नावाचं असतं. ते बुरशीचं नाही, जंतूंचं. डाग सपाट, तपकिरी, वर बारीक कोंडा, खाज फारशी नाही. नायट्याचं प्रत्येक मलम त्यावर चालतंच असं नाही. अंधाऱ्या खोलीत एक खास निळसर दिवा धरला की तो डाग पोवळ्यासारखा लाल चमकतो. तिसरं, मखमलीसारखी जाड काळी कातडी, जी मानेवर आणि काखेतही येते. ती बऱ्याचदा वजनाची आणि साखरेची खबर असते. त्यातून तुमची साखर काय आहे हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? मागचा रिपोर्ट दिवाळीच्या आधीचा.

आई, तू दारात उभी राहून हळूच विचारलंस, ‘कोड तर नाही ना रे?’ नाही गं. कोड पांढरं असतं, खाजत नाही, त्याचे खवले निघत नाहीत. आणि असतं तरी त्यात तोंड लपवण्यासारखं काय होतं?

तर ठरवून टाकलंय. येत्या गुरुवारी सव्वाअकराला रावपुऱ्यातल्या स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. फी भरलीय, परत मिळत नाही (हे मुद्दाम लिहितोय, बाबांसाठी). मुकुंददादा साडेदहाला गाडी घेऊन दांडिया बाजारात येईल. त्याला ‘बाबांचा गुडघा’ एवढंच सांगितलंय. तुमची सकाळची सुरसागरची फेरी होईल, पेपर होईल, दुसरा चहाही होईल. जेवायला घरी असाल. मीच यायला हवं होतं, पण महिनाभरात दोनदा रजा झाली. हे कारण आहे की सबब, ते माझं मलाच कळत नाही.

बाबा, मी तिसरीत असताना मला बसायच्या जागी गळू झालं होतं, आठवतं? दोन दिवस मी उभ्यानं जेवलो आणि कुणाला सांगितलं नाही. तुम्ही ओळखलंत. हसला नाहीत. घंगाळात कोमट पाणी काढून मला बसवलंत, पाणी निवेपर्यंत बाहेर स्टुलावर बसून पाढे म्हणून घेतलेत, आणि शाळेच्या चिठ्ठीत लिहिलंत, ‘पोट बिघडले असल्याने’. ती चिठ्ठी बाईंना देताना मी किती ताठ उभा होतो. मुकुंददादाला सांगितलेला तुमचा गुडघा त्याच चिठ्ठीतून आलाय.

आता जरा हुकूम. नवी ट्यूब आणायची नाही, कुठलीच. अचानक बंद झाल्यामुळे आठ-पंधरा दिवस खाज आणि लाली वाढेल, चांगलीच वाढेल. ते औषध बंद झाल्याचं रडणं आहे, घाबरू नका. फारच झालं तर गार पाण्याची पट्टी. गुरुवारपर्यंत दुसरं मलम नको, कारण खवले खरवडून ते मायक्रोस्कोपखाली बघतील आणि मलमानं बुरशी लपते. त्या दिवशी सकाळी तिथे साबण नको, नुसतं पाणीही नको. धुतलं की दिव्याखाली ती लाल चमक दिसत नाही. आई, टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायचं आजीचं औषध मला ठाऊक आहे. या सोललेल्या कातडीवर नको. लिंबू तर नकोच नको.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. बीपीची, कोलेस्टेरॉलची, ती गुलाबी ॲसिडिटीचीसुद्धा. इट्राकोनाझोल नावाची बुरशीची गोळी दिली तर तिचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी पटत नाही, आणि ॲसिडिटीच्या गोळीनं ती नीट अंगी लागत नाही. ‘रोजचीच आहेत, काय सांगायचं’ म्हणून गप्प बसू नका. अण्णांच्या वेळी काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही.

डॉक्टरांना पायही दाखवा. डाव्या अंगठ्याचं ते जाड पिवळं नख आणि बोटांमधल्या भेगा. बुरशी पुष्कळदा तिथूनच वर चढते, चड्डी पायांतून घालताना. म्हणून आजपासून आधी मोजे, मग चड्डी. हसा खुशाल, पण करा. तुमच्या नावानं सहा सैल सुती चड्ड्यांचं पार्सल येतंय. त्या नायलॉनच्या दोन मावशींकडे पुसायला द्या. बाबांचा पंचा वेगळा, त्यांचे कपडे गरम पाण्यात आणि वेगळे, आणि ऊन नसलं तर इस्त्री मारून. ओलसर चड्डी ‘अंगावर वाळेल’ म्हणून घालायची नाही. आई, तुलाही कुठे खाजत असेल तर त्याच दिवशी दाखव. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मुकुंददादाच्या बायकोलाही सोबत यायला सांगितलंय.

औषध डाग गेल्यासारखा दिसला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं, सहसा नंतर आणखी दोन आठवडे. आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं. आताचा नायटा हट्टी झालाय, टर्बिनाफिनसारख्या चांगल्या औषधालाही पुष्कळदा दाद देत नाही, तेव्हा महिना-दोन महिने लागले तर डॉक्टर बदलू नका. खाज गेल्यावरही काळेपणा काही महिने राहील. ती नुसती खूण असते, आजार नव्हे. रेघा पूर्ण जायच्या नाहीत, फिक्या होतील. तिथे कोण बघायला येतंय!

बाबा, तुमच्यावर रागावलोय असं वाटलं असेल तर तसं नाही. त्या दिवशी पंचा धरलेला तुमचा हात थरथरत होता आणि मी बघितलं नाही असं दाखवलं, ते मला सलतंय.

गुरुवारी बारा वाजता फोन करीन. आई, तूच उचल.

तुमचा,
बाळू

ता. क. ट्यूब परत मागू नका, इथल्या डॉक्टरांनीच ठेवून घेतली.